वस्तीतले उघडे घर : जेन ॲडम्स यांचे जीवन

शाळेच्या हजेरीपटावरून मुलगा दिवसाचे पाच-सहा तास कुठे होता ते कळते. रात्री तो अंथरुणावर आला की आईला त्याचा पत्ता लागतो. मधल्या चार-पाच तासांचा हिशेब मात्र कोणाकडेच नसतो. घर म्हणजे एक खोली. त्यात धाकटी भावंडे, शिलाईयंत्र, पाहुणे. वडील कामावरून थकून आलेले असतात, त्यांना शांतता हवी असते. मग चौदा वर्षांचा मुलगा जिना उतरतो आणि नाक्यावर जाऊन उभा राहतो. नाक्यावर त्याला कोण भेटते, यावर पुढचे पुष्कळसे ठरते. मुलीचे दुखणे वेगळे असते. तिला नाकाही नसतो. शाळा सुटली की ती त्याच खोलीत आणखी घट्ट बसवली जाते, आणि एकदा शाळाच सुटली म्हणजे तिच्याविषयी विचारणारे कोणी उरत नाही.

पालकहो, हा प्रश्न आपल्याच मोहल्ल्यात प्रथम उत्पन्न झाला असे समजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शिकागो शहरात तो इतका तीव्र झाला होता की तेथे दहा-बारा वर्षांची मुले मोठ्या गुन्हेगारांसोबत तुरुंगात डांबली जात. त्या शहरातील गरीब वस्तीत एक बाई राहायला गेल्या आणि मरेपर्यंत, म्हणजे सुमारे शेहेचाळीस वर्षे, तेथेच राहिल्या. जेन ॲडम्स हे त्यांचे नाव. शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणारी पहिली अमेरिकन स्त्री म्हणून सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांचे नाव एका ओळीत येते आणि विद्यार्थी ती ओळ पाठ करतात. परंतु त्यांचे खरे काम त्या ओळीत येत नाही.

जेन ॲडम्स यांचा जन्म 6 सप्टेंबर 1860 रोजी इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल या खेड्यात झाला. वडील जॉन ॲडम्स पिठाच्या गिरणीचे मालक आणि राज्याच्या सिनेटचे सभासद होते. गुलामगिरीचे ते विरोधक होते व अब्राहम लिंकन यांच्याशी त्यांचा स्नेह होता. जेन दोन वर्षांची असताना आई वारली. चौथ्या वर्षी तिला मणक्याचा क्षय झाला आणि पाठीला कायमचा बाक आला. आपल्यासारख्या कुबड्या पोरीला लोकांनी एवढ्या रुबाबदार माणसाची मुलगी म्हणून ओळखू नये, या भावनेने ती रस्त्यात वडिलांपासून जरा दूर चालत असे. एकदा वडिलांनी भर बाजारात टोपी काढून आपल्या लेकीला अदबीने अभिवादन केले. ही लहानशी हकीगत पुढे बाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. लाज वाटणाऱ्या मुलाशी मोठ्या माणसाने कसे वागावे, हे त्या पहिल्यांदा घरीच शिकल्या.

याच वयातली आणखी एक आठवण. वडिलांबरोबर गिरणीच्या गावी गेली असताना तिने प्रथमच गरिबांची खोपटी पाहिली. इतकी लहान घरे एकमेकांना इतकी चिकटून का, असे तिने विचारले, आणि मी मोठी झाल्यावर मोठे घर बांधीन, पण ते अशाच लहान घरांच्या मध्ये बांधीन, असे सांगून टाकले. मुले असे बरेच काही बोलतात. बहुतेकांचे विसरले जाते.

1881 साली रॉकफर्ड येथील मुलींच्या विद्यालयात तिचे शिक्षण पूर्ण झाले आणि त्याच वर्षी वडील अकस्मात वारले. वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले, पण पाठीच्या दुखण्याने ते सुटले. शस्त्रक्रिया झाली, महिनेच्या महिने अंथरुणात गेले. त्यानंतरची सात-आठ वर्षे या हुशार, सुशिक्षित आणि सुखवस्तू मुलीची अक्षरशः वाया गेली. हाती पदवी होती, पैसा होता, पण आपले काम कोणते आणि आपली जागा कोठे, हे कळत नव्हते. या काळाकडे चरित्रकार घाईने पाठ फिरवतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. नाक्यावर उभ्या असलेल्या मुलाची अवस्था बाईंना पुढे जी समजली, ती केवळ पुस्तके वाचून नव्हे. रिकामपणाने माणूस आतून कसा पोखरला जातो हे त्यांनी मऊ गादीवर पडून अनुभवले होते.

1883 मध्ये त्या युरोपच्या प्रवासाला गेल्या. लंडनच्या पूर्व भागात एका शनिवारी मध्यरात्री त्यांनी भाजीचा लिलाव पाहिला. रविवारी बाजार बंद असल्याने सोमवारपर्यंत नासून जाईल असा माल मातीमोल भावाने पुकारला जात होता आणि गाडीभोवती गरिबांचे शेकडो हात वर उठले होते. एका माणसाने मिळालेला कोबीचा गड्डा तेथेच जमिनीवर बसून, न धुता, कच्चा खाल्ला. ते वर उठलेले हात बाईंना जन्मभर दिसत राहिले. परंतु याही प्रसंगाने त्यांना लगेच कामाला लावले नाही. दुसऱ्या प्रवासात, 1888 साली, माद्रिदमध्ये बैलांची झुंज पाहताना आपण निर्विकारपणे बसून राहिलो, याची त्यांना रात्री स्वतःचीच शिसारी आली. पुढे कधीतरी चांगले काम करू, तयारी चालू आहे, असे म्हणत आपण स्वतःला फसवत आहोत हे त्यांनी ओळखले. त्यानंतर त्यांनी लंडनच्या व्हाइटचॅपेल वस्तीतील टॉयन्बी हॉल ही संस्था पाहिली. 1884 मध्ये स्थापन झालेल्या या घरात विद्यापीठातले तरुण गरिबांच्या शेजारी येऊन राहत व त्यांना शिकवत. हे आपल्यालाही करता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले.

18 सप्टेंबर 1889 रोजी जेन ॲडम्स आणि त्यांची मैत्रीण एलेन गेट्स स्टार या दोघी शिकागोच्या हॉलस्टेड रस्त्यावरील एका जुन्या वाड्यात राहायला आल्या. चार्ल्स हल नावाच्या धनिकाने 1856 मध्ये बांधलेला म्हणून त्याला हल हाऊस म्हणत. एके काळी तो शहराबाहेर होता. पण शहर वाढत वाढत त्याला ओलांडून गेले होते. आता त्याच्या एका बाजूला अंत्यविधीचे सामान पुरवणाऱ्याचे दुकान आणि दुसऱ्या बाजूला दारूचा गुत्ता होता. भोवतालच्या गल्ल्यांत इटालियन, जर्मन, आयरिश, ग्रीक, बोहेमियन, रशियातून पळून आलेले ज्यू असे नाना देशांचे मजूर दाटीवाटीने राहत होते. पहिल्या रात्री आवराआवरीच्या गडबडीत दोघी बाजूचे दार लावायलाच विसरल्या. सकाळी पाहतात तो दार सताड उघडे आणि घरातली एकही वस्तू गेलेली नाही. शेजाऱ्यांविषयी त्यांच्या मनात जो विश्वास बसला, त्याची सुरुवात इथून झाली.

त्या वॉर्डात गुत्ते अडीचशेच्या वर होते. शाळेच्या बाकांपेक्षा मुलांची संख्या जास्त होती. आणि शाळेत न जाणारी मुले कारखान्यात जात. पहिल्याच नाताळात बाईंनी काही मुलींना मिठाई देऊ केली, तर मुलींनी ती घेतली नाही. मिठाईचे नावही नको म्हणाल्या. चौकशी केली तेव्हा समजले की या मुली मिठाईच्याच कारखान्यात सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबत होत्या. त्याच हिवाळ्यात जवळच्या एका कारखान्यात एकाच यंत्रावर तीन मुले जखमी झाली व त्यांतला एक मुलगा मेला. यंत्राला थोड्या डॉलरांत बसणारे संरक्षक झाकण नव्हते. मालक येऊन दिलगिरी दाखवील असे बाईंना वाटले होते. तो आलाच नाही, कारण आईबापांनी आधीच नुकसानभरपाई मागणार नाही असा कागद करून दिलेला होता.

अशा ठिकाणी चांगली माणसे जातात तेव्हा सामान्यतः दोन गोष्टी करतात. एक तर दान वाटतात, नाहीतर उपदेश करतात. बाईंनी दोन्ही टाळले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण सुरुवातीला त्यांनीही चित्रे दाखवणे, कादंबरी वाचून दाखवणे असले प्रकार केले. परंतु शेजाऱ्यांना काय हवे आहे हे पाहण्याची त्यांना सवय होती. कामाला जाणाऱ्या आयांनी मुले कोठे ठेवावीत, म्हणून बालवाडी व पाळणाघर सुरू झाले. नळ नव्हते, म्हणून स्नानगृहे झाली. कचरा कुजत होता, आणि कंत्राटदार राजकारण्यांच्या मर्जीतला होता. तेव्हा 1895 मध्ये बाई स्वतः वॉर्डाच्या कचरा-निरीक्षक झाल्या. पहाटे सहाला उठून त्या कचऱ्याच्या गाड्यांमागून फिरत. एका अरुंद गल्लीत खोदकाम केले तेव्हा दीड फूट घाणीखाली फरसबंदी सापडली. तेथे राहणाऱ्यांना आपल्या रस्त्याला फरशी आहे हे ठाऊकच नव्हते.

धर्माच्या बाबतीत हल हाऊसने एक पथ्य पाळले. वस्तीत कॅथलिक होते, ज्यू होते, ग्रीक परंपरेचे ख्रिस्ती होते. घरात कोणालाही दुसऱ्याच्या धर्माकडे ओढायचे नाही असे ठरले. याबद्दल प्रॉटेस्टंट पाद्री आणि काही देणगीदार नाराज झाले, अधार्मिकतेचा ठपका आला. पण त्याचा परिणाम असा झाला की ज्यू आई आपल्या मुलीला तेथे निर्धास्तपणे पाठवू लागली. आईबापांना भीती वाटेल अशी जागा मुलांना कितीही आवडली, तरी तिचा उपयोग होत नाही. हे तत्त्व बाईंनी लिहून दाखवण्याआधी पाळून दाखवले.

आता मुलांकडे वळू. तेरा-चौदाच्या पुढची मुले ही प्रत्येक संस्थेची डोकेदुखी असते, हे मी शिक्षक म्हणून सांगू शकतो. लहान मुले गोष्टीने रमतात, मोठी माणसे कामाने बांधलेली असतात. मधल्या वयाला दोन्ही लागू पडत नाही. हल हाऊसमध्ये या मुलांचे क्लब काढण्यात आले. प्रत्येक क्लबची नियमावली मुलेच ठरवत आणि भांडणेही पुष्कळ होत. 1894 मध्ये जवळच्या काही मोडकळीस आलेल्या चाळी पाडून मोकळी झालेली जागा मिळाली आणि तेथे क्रीडांगण झाले. शिकागोतील हे पहिले सार्वजनिक क्रीडांगण मानतात. खेळाला जागा मागणे ही त्या काळी चैन समजली जाई. बाईंचे म्हणणे उलट होते. रस्त्यात चेंडू खेळणाऱ्या पोराला पोलीस पकडतो, तो खेळतो म्हणून नव्हे, तर त्याच्यासाठी शहराने जागाच ठेवलेली नाही म्हणून.

मुलींसाठी जे केले त्यातील एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. कारखान्यातल्या काही मुली संपावर होत्या. संप लांबला तर खोलीचे भाडे थकेल, मालकीण बाहेर काढील, मग जायचे कोठे, या धास्तीने त्या माघार घेऊ लागल्या. एकटी राहणारी मुलगी बेघर झाली म्हणजे तिला आसरा द्यायला कोणत्या प्रकारचे लोक टपलेले असतात, ते सांगायला नको. बाईंनी मुलींना एकत्र राहण्याचे घर घेऊन दिले, पहिल्या महिन्याचे भाडे व सामान पुरवले, आणि नंतर हात काढून घेतला. मुलींनी वर्गणी काढून, कामे वाटून ते घर स्वतः चालवले. त्याचे नाव जेन क्लब. तेथे कोणी वॉर्डन नव्हती.

परंतु मला सर्वांत जवळची वाटते ती श्रमसंग्रहालयाची कथा. परदेशातून आलेल्या कुटुंबांत आईबाप आणि मुले यांच्यात एक दरी पडत होती. मुले शाळेत इंग्रजी शिकत, शहराची रीत पटकन उचलत. आईबापांना भाषा येत नसे. पुढे पुढे मुलगाच दुकानदाराशी, घरमालकाशी, कोर्टाशी बोलू लागे आणि घरातला कर्ता कोण हे उलटे होऊन बसे. आईच्या डोक्यावरचा रुमाल, तिचे जाडेभरडे कपडे, तिचे बोलणे यांची मुलांना लाज वाटे. आणि ज्याला घरची लाज वाटते त्याच्यावर घरचा धाक चालत नाही. बाईंनी हे नेमके हेरले. मुलगा बिघडतो तो वाईट संगतीने, हे अर्धे खरे आहे. त्याच्या मनातून आईबाप आधी उतरलेले असतात, म्हणून संगतीला जागा होते.

एकदा रस्त्याने जाताना त्यांना एक म्हातारी इटालियन बाई दारात बसून साध्या टकळीवर सूत काढताना दिसली. त्यावरून कल्पना सुचली आणि 1900 साली हल हाऊसमध्ये एक दालन उघडले. तेथे इटलीची टकळी, आयर्लंडचा चरखा, निरनिराळे माग मांडले होते, आणि वस्तीतल्या आयाबाया स्वतः बसून ते चालवून दाखवत. शहरातले शिकलेसवरलेले लोक, शिक्षक, विद्यार्थी त्यांचे कसब पाहायला येऊ लागले. अँजेलिना नावाची एक इटालियन मुलगी हल हाऊसमध्ये स्वयंपाकाच्या वर्गाला येई, त्याच संध्याकाळी तिची आई सूत कातायला येई. मुलगी आईबरोबर पुढच्या दाराने आत शिरत नसे. कोणी दोघींना एकत्र पाहू नये म्हणून ती वेगळ्या दाराने येई. एके दिवशी तिने पाहिले की आईभोवती पाहुण्यांचा घोळका जमला आहे आणि ही सर्वांत उत्तम सूत काढणारी आहे असे ते बोलत आहेत. तिने जेन ॲडम्स यांना विचारून खात्री करून घेतली. बाईंनी तिला तिच्या आईचे गाव, तेथला निसर्ग, तेथल्या बायकांचे कौशल्य हे सारे समजावून सांगितले. त्यानंतर अँजेलिना आईच्याच दाराने येऊ लागली.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वडिलांचा व्यवसाय कोणी विचारला तर अडखळणारी मुले मी वर्गात पाहिली आहेत. कोणाचे वडील रफूगर, कोणाचे कल्हईवाले, कोणाचे होडीवर. इंग्रजीत फॉर्म भरताना ही मुले त्या रकान्यापाशी थांबतात. म्हणून ही कथा लांबवली.

आता कायद्याची बाजू. त्या काळी मुलाने कोळसा चोरला काय आणि मोठ्या माणसाने दरोडा घातला काय, खटला एकाच कोर्टात चाले आणि कोठडी एकच असे. सुधारण्याऐवजी मुलगा तेथून तरबेज होऊन बाहेर पडे. शिकागोतील स्त्रियांच्या मंडळांनी, वकिलांनी आणि हल हाऊसमध्ये राहणाऱ्या ज्यूलिया लॅथ्रॉप यांनी याविरुद्ध नेट धरला. 1899 च्या जुलैमध्ये शिकागोत जगातील पहिले स्वतंत्र बालन्यायालय सुरू झाले. सोळा वर्षांखालील मुलाला गुन्हेगार न समजता, पालकत्व कमी पडलेले मूल समजून त्याचा विचार व्हावा हा त्याचा पाया. मुलाला शक्यतो घरीच ठेवून त्याच्यावर देखरेख करणारा अधिकारी नेमायचा असे ठरले, पण सरकारने पगाराची तरतूदच केली नाही. पहिली देखरेख-अधिकारी हल हाऊसचीच रहिवासी ॲलझिना स्टीव्हन्स झाली, आणि अशा अधिकाऱ्यांचे पगार बरीच वर्षे या स्त्रियांनी वर्गणी काढून दिले. पुढे 1907 मध्ये न्यायालयाची इमारतच हल हाऊससमोर उभी राहिली.

या न्यायालयाचे दोषही सांगितले पाहिजेत. मुलाच्या भल्यासाठी म्हणून वकील नाही, पुरावा ढिला, न्यायाधीशाच्या मर्जीवर वर्षानुवर्षे सुधारगृहात, असे प्रकार पुढे अमेरिकेत फार झाले. अखेर 1967 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाला मुलालाही वकिलाचा हक्क आहे असे सांगावे लागले. माया दाखवणाऱ्या संस्थेलाही नियमांचा लगाम लागतो.

बाईंना मात्र एक गोष्ट लवकरच दिसली. कोर्टात येणारा मुलगा उशिरा आलेला असतो. त्यांनी न्यायालयातील मुलांवरचे आरोप एकामागून एक तपासले आणि 1909 साली तरुणवय आणि शहरातील रस्ते या विषयावर एक पुस्तक लिहिले. त्यांतील आरोपांची यादी वाचताना हसू येते आणि पोटात कालवतेही. रुळांशेजारी आग पेटवली. झेंडा दाखवून गाडी थांबवली. धावत्या गाडीच्या खिडकीवर दगड मारला. सिग्नलचा दिवा फोडला. बंब रस्त्याने धावत येताना पाहावा म्हणून तबेल्याला आग लावली. घर सोडून गोठ्यात झोपला. यांत चोरीचा माल विकून श्रीमंत झालेला कोणी नाही. बाईंचा निष्कर्ष असा की या वयाला साहस हवे असते, थरार हवा असतो, सोबत्यांसमोर काही करून दाखवायचे असते. ही भूक निसर्गाने दिलेली आहे. खेड्यात ती झाडावर चढून, नदीत पोहून भागे. शहराने या मुलांना दिवसभर यंत्रापुढे उभे केले आणि संध्याकाळी त्यांच्या करमणुकीचा मक्ता गुत्तेवाल्यांना व नाचघरवाल्यांना देऊन टाकला. म्हणजे मुलांच्या उत्साहातून पैसा करण्याची सोय झाली, त्यांना सांभाळण्याची झाली नाही. हे वाचताना मला आजचा मोबाईलचा पडदा आणि त्यावरचे पैशांचे खेळ आठवल्यावाचून राहिले नाहीत.

नुसती बंदी घालून भागत नाही हे त्यांना ठाऊक होते. पाच सेंटांत सिनेमा दाखवणारी खोपटी गल्लोगल्ली निघाली आणि तिकिटासाठी मुले चोऱ्या करू लागली, तेव्हा हल हाऊसने 1907 मध्ये स्वतःच पाच सेंटांचा सिनेमा चालवून पाहिला. वस्तीत औषधांच्या दुकानांतून पोरांना कोकेन विकले जात होते. एकेकाळी आपल्याच बालवाडीत खेळलेला मुलगा त्या नादाने मरणपंथाला लागलेला बाईंनी पाहिला. येथे मात्र त्यांनी मुलांना दोष न देता विकणाऱ्यांच्या मागे कायदा लावला, आणि तो कायदा पुरा पडेना तेव्हा नवा करून घेतला.

त्याच सुमारास लुईज बोवेन या श्रीमंत बाईच्या देणगीतून मुलांच्या क्लबची पाच मजली इमारत झाली. तीत खेळ होते, कार्यशाळा होत्या, वाचनालय होते आणि बँडची खोली होती. स्वतःच्या घरात वाद्य घेण्याची ऐपत नसलेल्या मुलांना तेथे वाद्य मिळे. बेनी गुडमन हा गरीब ज्यू शिंप्याचा मुलगा या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत असे. पुढे तो अमेरिकेतील नामांकित जॅझवादक झाला. पण असे नाव एखाद्याचेच होते. बाकीची शेकडो मुले सुतार, छापखान्यातले कामगार, कारकून झाली आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. क्लब त्यांच्यासाठीच होता.

1908 मध्ये एक कसोटीचा प्रसंग आला. रशियातील हत्याकांडातून वाचून आलेला लझारस आवरबुख हा ज्यू तरुण शिकागोच्या पोलीसप्रमुखाच्या घरी गेला आणि तेथे त्या अधिकाऱ्याच्या गोळीने मेला. तो अराजकवादी होता व हल्ला करायला आला होता असे पोलिसांनी जाहीर केले. लगेच वर्तमानपत्रांनी साऱ्या रशियन ज्यू वस्तीला संशयाच्या पिंजऱ्यात उभे केले, झडत्या सुरू झाल्या. घाबरलेले लोक हल हाऊसकडे आले. बाईंनी त्या तरुणाला निर्दोष ठरवले नाही, तसा त्यांचा दावाही नव्हता. चौकशी नीट व्हावी, त्याच्या बहिणीला वकील मिळावा आणि एकाच्या कृत्यासाठी संपूर्ण जमातीला जबाबदार धरू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. त्यासाठी पैसे जमवले, लेख लिहिला. हल हाऊस हा अराजकवाद्यांचा अड्डा आहे असा ओरडा झाला, देणग्या आटल्या. पण वस्तीतल्या तरुणांना एवढे कळले की दिवस वाईट आले तरी या घराचे दार लागत नाही.

पुढच्या आयुष्याचा आढावा थोडक्यात घेतो. पहिल्या महायुद्धात 1915 साली हेग येथे भरलेल्या स्त्रियांच्या शांतता परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. अमेरिका युद्धात उतरल्यावरही त्यांनी मत बदलले नाही, आणि काल ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांनीच देशद्रोही म्हटले. 1923 मध्ये जगप्रवासात त्या हिंदुस्थानातही येऊन गेल्या. 1931 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कामात उणीव नव्हती असे नाही. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी 1909 मध्ये निघालेल्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी होत्या, तरीही हल हाऊसच्या क्लबांत काळ्या मुलांना त्यांच्या हयातीत फारसा शिरकाव मिळाला नाही. ज्यांनी एवढ्या जातीजमातींना एकत्र बसवले त्यांच्या घरातही एक दार अर्धवटच उघडले गेले. 21 मे 1935 रोजी त्या वारल्या. हल हाऊसच्या अंगणात अंत्यदर्शनाला हजारो माणसे आली, त्यांत कामाचे कपडे न बदलता आलेले कामगार पुष्कळ होते.

आपल्या मुंबईशी या कथेचा एक धागा आहे. शिकागोत शिकलेले डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट 1925 मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे येथे आले आणि 1926 मध्ये त्यांनी नागपाड्यात नेबरहुड हाऊस सुरू केले. वस्तीतच घर, त्याला वाचनालय, दवाखाना, वर्ग आणि खेळाचे मैदान, अशी ती हल हाऊसच्याच जातीची संस्था होती. भोवती मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू असा सगळा मेळ होता आणि कामाठीपुरा हाकेच्या अंतरावर. जेन ॲडम्स गेल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, 1936 मध्ये, सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय याच नागपाड्याच्या इमारतीत भरू लागले. मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक. आज देवनारला जी टाटा समाजविज्ञान संस्था आहे, ती हीच.

शिकागोतील हल हाऊसच्या बहुतेक इमारती 1960 नंतरच्या काही वर्षांत विद्यापीठाच्या आवारासाठी पाडण्यात आल्या. जुना वाडा व भोजनगृह तेवढे संग्रहालय म्हणून राहिले. तिचे काम पुढे चालवणारी संस्था पैशाअभावी जानेवारी 2012 मध्ये बंद झाली. नागपाड्याच्या मैदानावर मिशनने आणलेला बास्केटबॉल मात्र मोहल्ल्याने आपलासा केला. दाटीवाटीच्या खोल्यांतून उतरलेली पोरे तेथे संध्याकाळी खेळू लागली, थोरल्यांनी धाकट्यांना शिकवले. त्यांतलाच एक गुलाम अब्बास मुंतसिर भारतीय बास्केटबॉल संघाचा कर्णधार झाला, आणि 1970 सालचा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला.